पानात उरणारे पदार्थ: अळूचं फदफदं, पंचामृत, ऋषीची भाजी आणि बाकीची मंडळी

सणाची पंगत उठली की उष्ट्या पानांवरून एक नजर फिरवावी. पुरणपोळीचा तुकडाही सापडत नाही, भजी तर दुसरा वरणभात येण्याआधीच गायब झालेली असतात. पण अळूची वाटी अर्धी भरलेली, डावीकडचा पंचामृताचा ठिपका वाढला तसाच, आणि ऋषिपंचमी असेल तर ती हिरवट-तपकिरी भाजी पानाच्या कडेला सारून ठेवलेली. हे पदार्थ मुळातच वाईट, असं घरोघरी ठरून गेलंय. प्रत्यक्षात ते बिघडतात ठरावीक जागी, आणि बहुतेकदा बिघाड असतो आंबटाच्या वेळेचा. चिंच लवकर पडली तर डाळ, कडधान्यं आणि कंद टणक राहतात. शेवटी घाईत पडली तर तिचा कच्चा आंबटपणा जिभेवर वेगळा लागतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

खालची सगळी मापं सहा माणसांची. वाटी म्हणजे दीडशे मिलीची आमटीची वाटी, चमचा म्हणजे चहाचा, मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट.

अळूचं फदफदं

नावानंच अर्धी माणसं मागे सरतात. उरलेल्या अर्ध्यांना कधीतरी घशात खाज सुटलेली असते आणि ती आठवण जात नाही. म्हणून आधी खाजेचं पाहू.

अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक जुड्या-जुड्यांनी भरलेले असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, त्यातून खवखव होते. हे स्फटिक उकळत्या पाण्यात साखरेसारखे विरघळत नाहीत. म्हणून चार उकळ्या आल्या, पान मऊ पडलं, रंग बदलला, एवढ्यावर अळू शिजला असं समजायचं नाही. दिसायला शिजलेला आणि खायला शिजलेला यांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर असतं. खाज सुटते ती या अंतरात गॅस बंद केल्यामुळे.

बाजारात दोन प्रकारचा अळू मिळतो. काळसर-जांभळ्या देठाचा, जाड पानाचा असतो तो वडीचा. फिकट हिरव्या देठाचा, पातळ पानाचा तो भाजीचा. फदफद्याला दुसरा घ्यावा, तो लवकर गळतो. वडीचाच मिळाला तर चालतो, मात्र कुकरमध्ये त्याला निम्मा वेळ जास्त द्यावा लागतो. परदेशात बहुतेक वेळा गुजराती दुकानांत ‘पत्रा’ या नावानं जी गोठवलेली पानं मिळतात ती वडीची असतात, तेव्हा तिथेही हाच हिशेब.

साहित्य असं: अळूची मध्यम १० ते १२ पानं देठांसकट, आंबट चुक्याची अर्धी जुडी, पाव वाटी चणाडाळ, पाव वाटी कच्चे शेंगदाणे, दोन मोठे चमचे बेसन, दोन मोठे चमचे ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, मुळ्याच्या आठ-दहा चकत्या, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, चिंचेइतकाच किंवा थोडा जास्त गूळ, एक चमचा गोडा मसाला, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मीठ. फोडणीला दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद आणि पाव चमचा मेथीदाणे.

डाळ आणि दाणे किमान तीन तास भिजत घाला. हे राहून गेलं असेल तर गरम पाण्यात तासभर ठेवा, पण कोरडे टाकू नका.

पानं धुऊन पुसून कोरडी करा. ओल्या पानाचा चीक हातभर पसरतो. चिरण्याआधी हाताला तेल चोळायचं. देठांची साल वरून खाली सोलून काढायची, दोऱ्यासारखी सुटते. देठ टाकून देऊ नका, फदफद्याला दाटपणा त्यांच्यामुळे येतो. पानं बारीक चिरा, देठाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. बरेच जण अळू, चुका, डाळ, दाणे सगळं एकाच भांड्यात कोंबून कुकर लावतात. चुका आंबट असतो आणि आंबटात डाळ शिजत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा भाग आंबटामुळे घट्ट होतो, मग कितीही शिट्ट्या करा, दाताखाली खडा आल्यासारखी डाळ लागते. तेव्हा कुकरमध्ये दोन भांडी ठेवा. खालच्यात अळू, देठ, चुका आणि अर्धी वाटी पाणी. वरच्यात डाळ-दाणे बुडतील एवढ्या पाण्यात. चार शिट्ट्या, मग गॅस बारीक करून सात-आठ मिनिटं. कुकर आपणहून निवू द्या. डाळ बोटानं दाबली की चेपली पाहिजे, पण आकार टिकला पाहिजे.

अळू गरम असतानाच त्यात बेसन घालून रवीनं किंवा पळीच्या पाठीनं घोटायचं. सुरुवातीला पाणी वेगळं आणि पाला वेगळा दिसतो. तीन-चार मिनिटांत पाला दिसेनासा होतो, देठाचे तुकडे तेवढे अधेमधे हाताला लागतात, आणि रवी उचलली की तिच्यावरून मिश्रण एकसंध सरकून खाली पडतं. इथे थांबायचं. मिक्सर लावू नये, त्यानं चिकट, फेसाळ लगदा होतो आणि मग हा पदार्थ लोकांना का नको असतो ते आपल्यालाही पटायला लागतं. बेसनाची गुठळी राहिली असेल तर आत्ताच फोडा, पुढे ती फुटत नाही.

तेल तापवून मोहरी, मग मेथीदाणे. मेथी लालसर झाली की लगेच हिंग, हळद, मिरच्या आणि खोबऱ्याचे काप. मेथी काळी पडली तर ती फोडणी टाकून नवी करा. जळक्या मेथीचा कडूपणा गुळानंही झाकत नाही. फोडणीत मुळ्याच्या चकत्या दोन मिनिटं परतून घोटलेला अळू आणि दोन वाट्या कढत पाणी घाला. उकळी आली की मीठ, शिजलेली डाळ, दाणे आणि चिंचेचा कोळ. यानंतर मंद आचेवर पूर्ण १० मिनिटं. बेसनाचा कच्चेपणा आणि चिंचेचा कच्चेपणा दोन्ही इथे जातात. शेवटच्या तीन-चार मिनिटांत गूळ आणि गोडा मसाला.

भाजी जेवढी पातळ हवी त्याहून थोडी पातळ असतानाच उतरवा. बेसनामुळे अर्ध्या तासात ती आणखी घट्ट होते. पंगतीत वाढताना ज्याला लोक ‘चिखल’ म्हणतात तो मुळात बरोबर झालेला असतो, नुसता निवलेला असतो. वाढण्याआधी पाव वाटी कढत पाणी घालून एक उकळी दिली की परत सैल होतो.

आणि चव बघायची ती अशी: अर्धा चमचा भाजी जिभेवर फिरवून गिळा आणि दोन मिनिटं काहीही खाऊ-पिऊ नका. खाज लगेच कळत नाही, मागून येते. खवखवलं तर आणखी थोडा कोळ आणि पाणी घालून १५ मिनिटं शिजवा. आंबटानं खाज कमी लागते हा जुना स्वयंपाकघरातला अनुभव आहे, पण चिंच हा शिजवण्याला पर्याय नाही. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे झालेत त्यांच्या पानात आग्रहानं अळू वाढू नये. खाऊन कुणाचे ओठ किंवा घसा सुजू लागला तर ताक-तूप करत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

पंचामृत

देवाच्या पूजेतलं दूध-दही-तूप-मध-साखरेचं नव्हे. पानात डावीकडे, चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी येतं ते चिंच-गूळ-मिरची-तिळाचं. याच्याबद्दलच्या तक्रारी दोनच असतात: गोडमिट्ट तरी होतं, नाहीतर कडू.

कडूपणा येतो जळलेल्या तिळातून. तीळ मंद आचेवर कोरडे भाजायचे आणि रंगाची वाट बघायची नाही. ते फुगतात, तडतडू लागतात, चिमटीत चिरडले की वास येतो. तेवढं झालं की गरम कढईतून लगेच ताटलीत. गरम कढईत ठेवले तर गॅस बंद असूनही ते जळत राहतात.

आठ-दहा कमी तिखट मिरच्या घ्या, पोपटी आणि जाड सालीच्या. त्यांचे अर्ध्या पेराएवढे तुकडे करा. पाव वाटी खोबऱ्याचे काप आणि पाव वाटी भिजवलेले शेंगदाणे तेलाच्या फोडणीत मिरच्यांबरोबर परता. मिरचीच्या सालीवर पांढरे फोड दिसेपर्यंत परतायचं, नाहीतर ती कचकचीत राहून कच्ची लागते. मग अर्धी वाटी दाट चिंचेचा कोळ आणि एक वाटी पाणी. हे सात-आठ मिनिटं उकळू द्या आणि *त्यानंतर* अर्धी वाटी चिरलेला गूळ घाला. शेवटी तीन मोठे चमचे तिळाचं कूट, एक चमचा गोडा मसाला, मीठ. कूट पडल्यावर दोन उकळ्या पुरेत.

गूळ आधी घातला की चिंच किती शिजली ते कळत नाही. कच्ची चिंच आंबट लागते म्हणून आणखी गूळ, मग फार गोड झालं म्हणून आणखी चिंच, असं करत वाटीभराचं पातेलंभर होतं. दरवर्षी ते उरतं याचं हेही एक कारण आहे. जिभेवर आधी आंबट, मग गोड आणि शेवटी तिखट आलं की जमलं. हे लोणच्यासारखं तोंडी लावायचं आहे, एका पानाला एक चमचा बास. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी धपाट्याबरोबर, पराठ्याबरोबर पहिल्या दिवसापेक्षा जास्त खपतं.

ऋषीची भाजी

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला ही होते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा त्या दिवसाचा दंडक, म्हणून नांगरटीचं धान्य नाही. परसातलं, हातानं लावलेलं चालतं. तेल-मसाल्याचे नियम घरागणिक वेगळे. कुठे चमचाभर तूप चालतं, कुठे फोडणीच नाही. इथे तूप धरलंय, तुमच्याकडे चालत नसेल तर गाळा.

या भाजीत मसाला नसतो, त्यामुळे लपायला जागा नसते. तक्रार असते ती मिळमिळीत चव आणि बुळबुळीत पोत यांची. पंधरा भाज्या एकदम पातेल्यात ओतल्या की भोपळ्याचं पाणी होतं, भेंडीला तार सुटते आणि सुरण मात्र कच्चा राहतो. उपाय म्हणजे क्रम.

सुरण १५० ग्रॅम घ्या. तेलाच्या हातानं सोलून फोडी करा आणि आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या. फोडी स्वच्छ पाण्यातून काढायला विसरू नका, नाहीतर तेच आंबट त्यांना शिजू देणार नाही. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तूप, तीन-चार ठेचलेल्या मिरच्या, त्यावर सुरण, मक्याच्या एका कणसाचे सहा तुकडे, लाल माठाच्या देठांचे तुकडे, अर्धी वाटी ओले शेंगदाणे आणि सहा पानांचा अळू देठांसकट. दीड वाटी पाणी, झाकण, मंद आच, २० मिनिटं. अळू पहिल्याच फेरीत गेला पाहिजे. पालेभाजी म्हणून तो शेवटी टाकणं ही ऋषिपंचमीच्या खाजेची जवळजवळ एकमेव वाट आहे.

मग मूठभर गवार, पाच मिनिटं. मग लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी, दोडका, पडवळ. आणखी सात-आठ मिनिटं. भोपळ्याची साल काढू नका, फोड टिकते. या टप्प्याला सुरणाची फोड सुरीनं सहज कापली गेली पाहिजे. ती कापली गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण आता आंबट पडणार आहे. दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ आणि मीठ घालून उकळी आली की सात-आठ भेंड्या, एकेकीचे दोनच तुकडे. उकळत्या आंबटात पडलेल्या भेंडीला तार सुटत नाही. पाच मिनिटांनी अर्धी वाटी ओलं खोबरं घालून झाकून ठेवा आणि १० मिनिटं हात लावू नका.

ढवळणं हा या भाजीचा दुसरा शत्रू. पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं. आणि मीठ नेहमीपेक्षा किंचित चढं हवं. मसाल्याविना मक्याचा आणि भोपळ्याचा गोडवा मिठाच्या आधारानंच उठतो. वरीच्या भाताबरोबर गरमच खावी. निवलेली ऋषीची भाजी कुणाला आवडत नसेल तर त्यात त्याची काही चूक नाही.

शेपू

पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ घरांत गौरी येतात त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी असा नैवेद्य असतो. इथे नावड चवीची नाही, वासाची आहे, आणि तो वास माणसाला लहानपणी एकदा नकोसा झाला की झाला. तो घालवता येत नाही, घालवूही नये. सौम्य मात्र करता येतो. कोवळी जुडी घ्या, फुलोरा आलेली नको, जाड देठ काढा आणि अगदी बारीक चिरा. एका जुडीला पाऊण वाटी मूगडाळ, तासभर भिजवलेली. फोडणीत आधी डाळ पाण्याचा हबका मारून निम्मी शिजवायची, मग शेपू घालायचा आणि झाकण ठेवायचं नाही. झाकणाखाली वाफ आत कोंडते, वासही कोंडतो. उघड्यावर सात-आठ मिनिटांत भाजी कोरडी होते. शेवटी ओलं खोबरं. नैवेद्याला लसूण नको असेल तर हिरवी मिरची थोडी वाढवा.

भोगीची भाजी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर. ही खरं तर गुणाची भाजी. पौषातली सगळी ताजी शेंगभाजी एका पातेल्यात. तरीही पोरं नाक मुरडतात, कारण वांग्याचा लगदा होतो, पावटा टणक राहतो आणि बोराची बी अचानक दाताखाली येते.

पावट्याचे किंवा वालाचे ओले दाणे एक वाटी, सोलाणे अर्धी वाटी, ओले शेंगदाणे अर्धी वाटी. हे तिन्ही आधी मीठ न घालता पाण्यात १२ ते १५ मिनिटं शिजवून घ्या. ते पाणी टाकू नका. दुसरीकडे चार मोठे चमचे तेलाच्या फोडणीत घेवड्याचे तुकडे आणि दोन गाजरांच्या जाड चकत्या पाच मिनिटं परता. चार लहान काटेरी वांगी चिरून पाण्यात ठेवलेली असतील ती निथळून त्यात घाला. वांगी कापल्यावर बिया काळपट-तपकिरी दिसल्या तर ते वांगं बाजूला काढा. जून वांग्याचा कडूपणा अख्ख्या पातेल्याला लागतो. दोन चमचे काळा किंवा गोडा मसाला, तिखट, शिजलेले दाणे त्यांच्या पाण्यासकट, झाकण ठेवून आठ मिनिटं. वांगं शिजलं पण फुटलं नाही, असं दिसलं की चिंच, गूळ, मीठ आणि सात-आठ बोरं एकदम. गूळदेखील चिंचेसारखाच दाणे शिजू देत नाही, म्हणून तोही इथेच. पाच मिनिटांनी तीन मोठे चमचे तिळाचं कूट आणि दोन मोठे चमचे दाण्याचं कूट.

बोरं अख्खी घाला, चिरू नका. अख्खं बोर पानात ओळखू येतं, चिरलेल्यातली बी ओळखू येत नाही. लहान मुलांच्या पानात वाढताना ती वेचूनच वाढावी.

पाडव्याचा कडूनिंब

याला आवडतं करण्याचा दावा कुणी करू नये. पण कडू आणि असह्य यांत फरक आहे, आणि तो पानाच्या वयाचा आहे. चैत्रात फांदीच्या टोकाला तांबूस, चकाकती पालवी असते, ती घ्यायची. गर्द हिरवी पानं जून झालेली आणि कितीतरी जास्त कडू असतात. बाजारातल्या डहाळीवर बहुधा तीच जास्त असतात, निवडावं लागतं. तांबूस पालवीची १०-१२ पानं, एक मोठा चमचा कडूनिंबाची फुलं, दोन मोठे चमचे भिजवलेली चणाडाळ, दोन मोठे चमचे गूळ, चमचाभर चिंचेचा कोळ, पाव चमचा ओवा, तीन-चार मिरी, चिमूट हिंग, मीठ. डाळ भरड वाटून घेतल्यावर बाकीचं घालून दोनदाच फिरवा. पानं जितकी बारीक वाटाल तितका कडूपणा सुटतो. इथे काही शिजवायचं नसल्यानं चिंच कधीही घातली तरी चालते. एवढ्यात सहा जणांचे बोरांएवढे गोळे होतात आणि तेवढेच करावेत.

उरण्याचा प्रश्न मापापाशीही येतो. फदफदं दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगलं लागतं, तेव्हा ते थोडं जास्त झालं तरी चिंता नाही. भोगीची भाजी उरली तर बी काढलेल्या बोरांसकट भाजणीत मळून थालीपिठं लावता येतात. ऋषीची भाजी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी सोडते. ती मोजूनच करा, आणि ज्याला नको असेल त्याच्या पानात नैवेद्यापुरती चमचाभरच वाढा.